मोबाईलचे लोकेशन कितपत अचूक असते आणि पुढे किती अचूक होईल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा शहरातून आणि कोरेगाव, पाटण, जावळी, वाई या तालुक्यांतून मोबाईलच्या लोकेशनविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रारंभीचे प्रश्न प्राथमिक आहेत. बांधाचे वाद, पोलीस तपास, कामावरची हजेरी आणि पुढील काळातील शक्यता यांविषयीचे प्रश्न नंतर येतात. एकच स्पष्टीकरण दोनदा येऊ नये म्हणून जेथे गरज आहे तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोबाईलला आपण कोठे आहोत हे कळते तरी कसे?

मोबाईल आपली जागा एकाच वेळी अनेक मार्गांनी ठरवतो. पहिला मार्ग उपग्रहांचा आहे. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू आणि भारताचे नाविक या व्यवस्थांचे उपग्रह आपली जागा आणि अणुघड्याळावरची अचूक वेळ सतत प्रक्षेपित करत असतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तेथून निघालेला संकेत किती वेळात पोहोचला यावरून फोन प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि फोनच्या स्वतःच्या घड्याळातील चूक अशा चार गोष्टी अज्ञात असल्यामुळे किमान चार उपग्रह दिसावे लागतात. प्रकाश एका सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून वेळेच्या मोजणीत दहा अब्जांश सेकंदांची चूक झाली तरी अंतरात तीन मीटरांचा फरक पडतो.

दुसरा मार्ग वायफायचा : आसपासच्या राउटरांची ओळख आणि ते पूर्वी कोठे दिसले होते याच्या नोंदींवरून जागा ठरते. तिसरा मार्ग मोबाईल टॉवरचा. या सर्वांच्या जोडीला फोनमधील हालचाल ओळखणारे संवेदक असतात. फोन या सगळ्यांतून मिळालेल्या माहितीचा मेळ घालून एकच ठिपका दाखवतो आणि तो ठिपका कोणत्या मार्गाने आला हे वापरणाऱ्याला सांगत नाही. पुढील बहुतेक गैरसमजांचे मूळ येथे आहे.

२. म्हणजे उपग्रहाला माझी जागा सतत समजत असते का?

नाही. जीपीएस किंवा नाविकचा उपग्रह केवळ संकेत पाठवतो. आपला फोन तो संकेत ऐकतो आणि हिशेब स्वतः करतो. उपग्रहाकडे फोनकडून काहीही जात नाही. आपली जागा दुसऱ्याला कळते ती फोनने काढलेला निष्कर्ष एखाद्या ॲपने इंटरनेटवरून पुढे पाठवला तर, किंवा मोबाईल कंपनीला आपला फोन कोणत्या टॉवरला जोडला आहे हे ठाऊक असते म्हणून. पाळतीची चिंता असेल तर आकाशाकडे पाहण्यापेक्षा ॲपना दिलेल्या परवानग्यांकडे पाहावे.

३. इंटरनेट किंवा सिमकार्ड नसताना लोकेशन मिळते का?

मिळते. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे उपग्रहांचे संकेत ऐकण्यासाठी नेटवर्क लागत नाही. मात्र नेटवर्क असताना फोन उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो. नेटवर्क नसल्यास तीच माहिती त्याला थेट उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने घ्यावी लागते. म्हणून वासोट्याच्या जंगलात, फोन बराच वेळ बंद ठेवून सुरू केल्यावर, पहिला ठिपका मिळण्यास काही मिनिटे लागू शकतात. अशा वेळी मोकळ्या जागी उभे राहून वाट पाहावी आणि घरून निघतानाच नकाशा उतरवून घ्यावा, कारण ठिपका मिळाला तरी नकाशाविना त्याचा उपयोग अर्धाच राहतो.

४. नकाशावर ठिपक्याभोवती निळे वर्तुळ दिसते. मी नक्की त्या वर्तुळाच्या आत असतो ना?

बहुधा असता, पण नक्की नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. अँड्रॉईड प्रणालीत लोकेशनसोबत येणारा अचूकतेचा आकडा ६८ टक्के खात्रीचा असतो. फोन ‘अचूकता १० मीटर’ असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असा की, खरी जागा ठिपक्यापासून १० मीटरांच्या आत असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. राहिलेल्या वेळी, म्हणजे ढोबळमानाने तीनातून एकदा, खरी जागा वर्तुळाच्या बाहेर असते. शिवाय हा आकडासुद्धा फोनचा स्वतःविषयीचा अंदाजच असतो. उंच भिंतीवरून परावर्तित झालेला संकेत फोनने सरळ आलेला मानला, तर वर्तुळ लहान दिसते आणि ठिपका मात्र भलतीकडे असतो.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या स्मार्टफोनची चूक सामान्यतः ४.९ मीटर त्रिज्येच्या आत राहते, असा आकडा अमेरिकी शासनाच्या जीपीएसविषयक माहितीत दिला जातो. नागरी संकेतात मुद्दाम घातली जाणारी चूक अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केली, त्यापूर्वी ही अचूकता कितीतरी पटींनी कमी होती. आमची विनंती अशी आहे की, कोणीही लोकेशनचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पुढे केला, तर ठिपका पाहण्याआधी वर्तुळ पाहावे, आणि ते दिसत नसेल तर अचूकतेचा आकडा मागावा.

५. पोवई नाक्यावर आणि खंबाटकीच्या बोगद्यात नकाशा चुकीचा रस्ता का दाखवतो?

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमुळे एकाच जागी वरचा आणि खालचा असे रस्ते आहेत. अक्षांश-रेखांशाच्या दृष्टीने ते जवळजवळ एकच असतात. फरक काही मीटर उंचीचा असतो, आणि उंची हीच उपग्रह मोजणीची सर्वांत कच्ची बाजू आहे. उपग्रह आपल्या चारही बाजूंना असतात, पण पायाखाली कधीच नसतात, म्हणून उभ्या दिशेची चूक आडव्या दिशेपेक्षा नेहमी मोठी असते. त्यातच खालच्या रस्त्यावर उतरताच आकाश झाकले जाते. मग फोन वेग आणि वळणे पाहून अंदाज बांधतो आणि ठिपका जवळच्या रस्त्याला चिकटवतो. बोगद्यातही हेच होते : संकेत तुटलेले असतात आणि पुढे सरकणारा ठिपका हा निव्वळ अंदाज असतो. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत तो जागेवर येतो.

६. मोबाईलच्या ॲपने शेत मोजले, तर शेजाऱ्याने आमचा बांध कोरल्याचे दिसते. हे खरे मानावे का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि यावरून घरे दुभंगतात, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजे एक बाजू साधारण १० मीटर. फोनची नेहमीची चूक पाच मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे गुंठ्याच्या अर्ध्या बाजूइतकी. १०० मीटर लांबीच्या बांधावर रेषा तीन मीटर सरकली तर ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तीन गुंठे इकडचे तिकडे दिसतात. प्रत्यक्षात बांध तसूभरही हललेला नसतो.

येथे एक फसवी गोष्ट घडते. शेताच्या चारही कोपऱ्यांवर अर्ध्या तासाच्या आत नोंदी घेतल्या, तर वातावरणामुळे आणि उपग्रहांमुळे येणारी चूक बऱ्याच अंशी चारही ठिकाणी एकाच दिशेला आणि जवळपास सारखीच असते. परिणामी पूर्ण शेत नकाशावर एका बाजूला सरकते, पण क्षेत्रफळ सातबाऱ्याशी बऱ्यापैकी जुळते. क्षेत्र जुळले म्हणून शेतकऱ्याचा ॲपवर विश्वास बसतो, आणि मग तेच ॲप बांध सरकलेला दाखवते तेव्हा तोही खरा वाटतो. क्षेत्रफळ जुळणे हा हद्द बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

दुसरी अडचण नकाशाची. आपले मूळ गावनकाशे साखळी आणि प्लेन टेबलच्या साह्याने झालेल्या मोजणीतून तयार झाले आहेत. ते उपग्रहचित्रावर बसवताना कोठे ना कोठे ताणावे लागतात, आणि उपग्रहचित्रही जमिनीवर तंतोतंत बसलेले असतेच असे नाही. फोन, गावनकाशा आणि उपग्रहचित्र या तिघांच्या चुका एकत्र आल्यावर स्क्रीनवरची रेषा कोणाच्याही शेतातून जाऊ शकते.

हद्दीचा निर्णय भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच होतो. त्या मोजणीत वापरले जाणारे रोव्हर यंत्रही उपग्रहांचेच संकेत घेते, परंतु जागा पक्की ठाऊक असलेल्या स्थिर केंद्रांकडून त्याला दुरुस्ती मिळते. अशा केंद्रांचे जाळे भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारले आहे. त्यामुळे रोव्हरची चूक काही सेंटिमीटरांवर येते. फोनवरची मोजणी खत, बियाणे किंवा ठिबकचा अंदाज घेण्यासाठी उत्तम आहे. ती दाखवून भावकीत किंवा शेजाऱ्याशी भांडण काढू नये.

७. ई-पीक पाहणी करताना शेतात उभे असूनही ॲप ‘आपण गटापासून दूर आहात’ असे सांगते. काय करावे?

कारणे प्रश्न ४ आणि ६ मध्ये आलेली आहेत : फोनची चूक अधिक नकाशाची चूक. त्यात सातारा जिल्ह्याचे एक खास कारण मिळवावे लागते, ते म्हणजे उभा ऊस. पुरुषभर उंचीच्या ओल्या पानांतून उपग्रहाचा आधीच क्षीण असलेला संकेत आणखी दुबळा होतो. उसाच्या सरीत उभे राहण्याऐवजी गटाच्या मोकळ्या कडेला किंवा विहिरीच्या कट्ट्याजवळ यावे, लोकेशनची ‘अचूक’ परवानगी चालू असल्याची खात्री करावी (अँड्रॉईड १२ पासून ‘अंदाजे’ असाही पर्याय असतो आणि तो चुकून निवडला जातो), वायफाय स्कॅनिंग बंद करू नये आणि दोन-तीन मिनिटे थांबून मगच छायाचित्र घ्यावे. तरीही गट जुळला नाही, तर आपल्या गावच्या सहायकाला किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याला सांगून नोंद करून घ्यावी. दुसऱ्याच्या गटात उभे राहून केवळ ॲप संमती देते म्हणून नोंद करणे पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अंगाशी येते.

८. पोलीस ‘टॉवर लोकेशन’ काढतात ते किती मीटरपर्यंत अचूक असते?

ते मीटरांत बोलण्यासारखे क्वचितच असते. कॉलच्या तपशिलात, ज्याला सर्वजण सीडीआर म्हणतात, फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूच्या अँटेनाला जोडलेला होता हे नोंदलेले असते. शहरात टॉवर दाट असल्याने ही जागा काहीशे मीटरांपर्यंत आवळता येते. खेडोपाडी एकेक टॉवर कित्येक किलोमीटरांचा परिसर सांभाळतो. टॉवरपासून फोनपर्यंत संकेत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढता येते, पण जुन्या टूजी व्यवस्थेत त्याची एक पायरी सुमारे ५५० मीटरांची आहे; फोरजीमध्ये ती सुमारे ७८ मीटरांची आहे. शिवाय ही नोंद नेहमीच्या सीडीआरमध्ये असेलच असे नाही.

फोन सर्वांत जवळचा टॉवर पकडतो हाही गैरसमज आहे. तो त्या क्षणी सर्वांत चांगला मिळणारा टॉवर पकडतो. बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचा फोन मधल्या डोंगरामुळे अलीकडचा टॉवर सोडून पाण्यापलीकडच्या टॉवरला जोडला जाऊ शकतो, कारण मोकळ्या पाण्यावरून संकेत अडथळ्याविना दूर जातो. नोंद मग पलीकडच्या तीराची होते. रस्त्याने पलीकडे पोहोचायला मोठा वळसा पडतो. ज्याला हा प्रदेश ठाऊक नाही, त्याला कागदावरून तो माणूस पलीकडेच होता असे वाटेल.

९. मग टॉवर लोकेशनवरून कोणी एखाद्या ठिकाणी होता हे न्यायालयात सिद्ध होते का?

फोन त्या परिसरात होता, याला त्याने पुष्टी मिळू शकते. फोन कोणाच्या हातात होता, हे वेगळे सिद्ध करावे लागते. अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ग्राह्य धरण्यासाठी विहित प्रमाणपत्र लागते. जालन्यातील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. दूरसंचार परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार मोबाईल कंपन्यांनी कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जपायच्या असतात. त्यामुळे आपण निर्दोष असल्याचे या नोंदींवरून दिसणार असेल, तर ही मुदत संपण्याआधी वकिलामार्फत त्या मागवून घ्याव्यात.

१०. नुसता नंबर टाकून कोणाचेही लोकेशन दाखवणारी ॲप खरी असतात का?

नाही. मोबाईल नंबरवरून जागा काढण्याची सोय मोबाईल कंपनीकडे असते आणि ती कायदेशीर प्रक्रियेने तपास यंत्रणांनाच मिळते. अशी ॲप फार तर नंबर कोणत्या राज्याच्या मालिकेतील आहे ते दाखवतात आणि बदल्यात आपले संपर्क, संदेश आणि कधी पैसेही घेतात. त्यांना फोनमध्ये थारा देऊ नये.

११. पत्नीच्या, पतीच्या किंवा मुलांच्या फोनवर लोकेशन पाहणे योग्य आहे का?

दोघांच्या संमतीने लोकेशन शेअर करण्यात काही वावगे नाही. रात्री उशिरा एसटीने येणाऱ्या मुलीचा प्रवास घरच्यांना दिसत राहणे हा मोठा आधार असतो. व्हॉट्सॲपवरील थेट लोकेशन १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांपुरते देता येते आणि ते आपोआप थांबते, म्हणून ती पद्धत आम्हाला सर्वांत संयत वाटते. नकळत ॲप बसवणे मात्र वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, आणि एखाद्या स्त्रीच्या इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा ठरू शकते. विवाह झाल्याने ही सीमा पुसली जात नाही.

कोणी आपल्या पिशवीत किंवा गाडीत माग काढणारा टॅग ठेवल्याची शंका असल्यास, मे २०२४ पासून ॲपल आणि गुगल या दोघांनीही अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना देण्याची समान पद्धत आणली आहे. ती सूचना आल्यास दुर्लक्ष करू नये.

या लोकेशनच्या आधारे घरात कोणावर आळ घेण्याआधी प्रश्न ४ आणि प्रश्न १४ कृपया वाचावेत.

१२. फोन हरवला आणि तो बंद केलेला आहे. आता लोकेशन मिळेल का?

बहुतेक फोनचे शेवटचे ठिकाण मिळते, चालू ठिकाण मिळत नाही. अलीकडच्या आयफोनमध्ये आणि काही मोजक्या अँड्रॉईड फोनमध्ये बंद केल्यानंतरही काही तास ब्लूटूथचा क्षीण संकेत चालू राहतो आणि शेजारून जाणाऱ्या इतरांच्या फोनमार्फत जागा कळते. सिम काढले तरी फोनला इंटरनेट मिळताच गुगल किंवा ॲपलच्या शोधसेवेत तो दिसू शकतो. पोलिसांत तक्रार देऊन शासनाच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, बंद करण्याची विनंती नोंदवावी. कोणी त्या फोनमध्ये दुसरे सिम घातले तर माग निघतो. हा क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो, ती दोन्ही जपून ठेवावीत. ठिपका एखाद्या घरावर दिसला म्हणून स्वतः तेथे जाऊन झडती घेऊ नये. शेजारचे घरही त्याच वर्तुळात असते.

१३. लोकेशनवर आधारित हजेरीत ‘कार्यक्षेत्राबाहेर’ असे आल्याने पगार कापला. काही बोलता येते का?

येते, आणि बोलावे. आस्थापनेने हजेरीसाठी आखलेले क्षेत्र फोनच्या चुकीपेक्षा मोठे असले पाहिजे. २० मीटर त्रिज्येचे वर्तुळ पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्यांसाठी अन्यायकारक आहे, कारण पत्रा उपग्रहांचे संकेत अडवतो आणि फोन टॉवरच्या अंदाजावर जातो. संबंधित नोंदीची वेळ, अचूकतेचा आकडा आणि फोनमधील परवानगीची स्थिती लेखी मागावी. अचूकता ८० मीटर नोंदली असताना २० मीटरांच्या नियमाने गैरहजेरी लावणे हिशेबाच्या दृष्टीनेच चूक आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मांडलेला आहे.

१४. मी साताऱ्यात घरी बसलेलो असताना फोन मला पुण्यात का दाखवतो?

याची तीन कारणे संभवतात. घर बदलताना पुण्यातील वायफाय राउटर साताऱ्यात आणला असेल, तर नोंदसंचात त्या राउटरची जागा काही काळ पुणेच राहते आणि घरात उपग्रह दिसत नसल्याने फोन त्यावर विश्वास ठेवतो. काही संकेतस्थळे फोनची जागा न विचारता इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून शहर ठरवतात, आणि तो पत्ता कंपनीच्या पुण्या-मुंबईच्या केंद्राचा असतो. तिसरे कारण जुन्या नोंदीचे : ॲप काही वेळा ताजी जागा न काढता आधीची दाखवते, म्हणून ठिपक्यासोबतची वेळ पाहावी. फोन अंगणात नेऊन मिनिटभर धरला की बहुधा ठिपका साताऱ्याला येतो. यात कोणी खोटे बोललेले नसते.

खोटे लोकेशन मुद्दाम दाखवणारी ॲपही असतात, हे खरे. पण एका ठिपक्यावरून या दोन्हींतील फरक ओळखता येत नाही.

१५. महाबळेश्वरला फोन उंची प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी का दाखवतो?

महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. उपग्रह मोजणीत उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती आकारापासून मिळते. भारताच्या या भागात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या गणिती पृष्ठभागाच्या ६० मीटरहून अधिक खाली आहे. जे ॲप ही दुरुस्ती करत नाही, ते उंची तेवढीच कमी दाखवते. फोन बिघडलेला नसतो. दुरुस्ती करणारे ॲप वापरावे.

१६. पूर, दरड किंवा अपघातात ११२ ला फोन केला तर त्यांना जागा आपोआप कळते का?

काही वेळा कळते, पण त्यावर विसंबू नये. कृष्णा आणि कोयनेच्या पुरात किंवा घाटात टॉवरच बंद पडलेले असू शकतात आणि मिळणारी जागा प्रश्न ८ मध्ये सांगितल्याइतकी ढोबळ असू शकते. गाव, वाडी, जवळचा पूल, मंदिर किंवा किलोमीटरचा दगड आधी सांगावा आणि मग नकाशावर बोट दाबून धरून आलेले अक्षांश-रेखांश दशांश रूपात वाचून दाखवावेत. दशांशचिन्हानंतरचा चौथा अंक सुमारे ११ मीटर आणि पाचवा सुमारे एक मीटर दर्शवतो, म्हणून चार अंक पुरेसे आहेत. पुढचे आकडे सांगण्यात वेळ घालवू नये. कॉल लागत नसेल तर हेच आकडे एसएमएसने पाठवावेत, कारण क्षीण नेटवर्कवरही एसएमएस पुष्कळदा जातो.

१७. डिजिपिन आणि नाविक आल्यावर घरचा पत्ता अगदी बिनचूक होईल का?

डाक विभागाने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या डिजिपिनमध्ये देशाची विभागणी सुमारे ४ मीटर लांब-रुंद चौकटींत केली असून प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांची खूण आहे. कल्पना चांगली आहे, विशेषतः वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, ज्यांचा पत्ता आजवर ‘अमुक यांच्या मळ्याजवळ’ एवढाच असे. पण चौकट चार मीटरांची आणि फोनची चूक पाच मीटरांची असल्याने शनिवार पेठेत किंवा मंगळवार पेठेत, जेथे घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत, तेथे फोन शेजाऱ्याची खूण सहज देईल. ही खूण उपग्रहचित्रावर आपले छप्पर ओळखून ठरवावी आणि मग तीच कायम वापरावी.

नाविकविषयी आशा आणि सबुरी दोन्ही हवीत. इस्रोने या मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. व्यवस्था भारत आणि सभोवतालच्या सुमारे १,५०० किलोमीटरांसाठी आहे. मात्र पहिल्या पिढीतील अनेक अणुघड्याळे निकामी झाली, आणि तिचे संकेत बहुतांश फोन ऐकतात त्या लहरींवर नव्हते. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून देशी अणुघड्याळ आणि सर्वसामान्य फोनना जुळणारा संकेत आला. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. नाविकचे उपग्रह भारतावरून उंच दिसतात, त्यामुळे घाटांच्या दरीत त्यांचा खरा लाभ होईल, पण तो ताफा पूर्ण झाल्यावर. आज फोन नाविकला एकट्याने न वापरता इतर व्यवस्थांच्या जोडीला घेतो आणि तेच हिताचे आहे.

१८. पुढील काही वर्षांत फोन सेंटिमीटरपर्यंत अचूक होतील का?

घराबाहेर एक मीटरच्या आसपास येणे शक्य आहे आणि काही फोन मोकळ्या जागी तेथे पोहोचलेही आहेत. २०१८ मध्ये शाओमीच्या मी ८ या फोनपासून दोन वेगळ्या लहरींवर संकेत घेण्याची सोय फोनमध्ये आली. दोन लहरींची तुलना केल्याने वातावरणामुळे होणारा विलंब ओळखता येतो आणि परावर्तित संकेत वेगळे काढणे सोपे जाते. जानेवारी २०२३ पासून गॅलिलिओ दोन-तीन वितींच्या आत जागा काढण्यास उपयोगी पडणारी दुरुस्ती उपग्रहावरून विनामूल्य देत आहे. रोव्हरला मिळते तशी दुरुस्ती फोनलाही देता येते. अडचण फोनच्या अँटेनाची आहे : ती लहान असते, हाताने झाकली जाते आणि परावर्तित संकेत नाकारू शकत नाही. त्यामुळे सेंटिमीटरची अचूकता खिशातल्या फोनला नजीकच्या काळात नित्य मिळेल असे आम्हाला वाटत नाही, आणि बांधाच्या मोजणीसाठी रोव्हर लागतच राहील.

घराच्या आतील प्रगती वेगळ्या वाटेने होत आहे. वायफायवरून अंतर मोजण्याची पद्धत अँड्रॉईडमध्ये २०१८ पासून आहे आणि योग्य राउटर असल्यास ती एक-दोन मीटरपर्यंत पोहोचते. अल्ट्रा वाइडबँड तंत्र दहा-वीस सेंटिमीटरपर्यंत जाते, पण केवळ जवळच्या वस्तूंपुरते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्येही अंतर मोजण्याची नवी पद्धत आहे. मजला ओळखण्यासाठी हवेचा दाब उपयोगी पडतो : सुमारे आठ मीटर चढल्यावर दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. रुग्णालयात रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याला नेमका मजला समजणे, ही आमच्या मते या संशोधनाची सर्वांत मोलाची फलश्रुती ठरेल.

१९. अचूकता वाढेल तशी पाळतही वाढेल. त्यावर काही मर्यादा आहेत का?

काही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी असा निर्णय दिला की, आरोपीने गुगल मॅपवरील आपली पिन तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल अशी ठेवावी, ही जामिनाची अट घटनेच्या कलम २१ चा भंग करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये टॉवरच्या जुन्या नोंदी मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे न्यायालयीन वॉरंट आवश्यक असल्याचे सांगितले. गुगलने प्रवासाच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरऐवजी वापरणाऱ्याच्या फोनमध्येच ठेवण्याकडे पाऊल टाकले आहे. तरी सर्वांत प्रभावी मर्यादा आपल्याच हातात आहे : हवामान किंवा बाजारभाव सांगणाऱ्या ॲपला ‘अंदाजे’ लोकेशन पुरते, आणि विजेरीच्या ॲपला कोणतेच लागत नाही.

२०. आमच्या वाडीला एकच टॉवर आहे. फाइव्ह-जी आल्यावर लोकेशन सुधारेल का?

फार नाही. फाइव्ह-जीच्या प्रमाणकांत फोनची जागा मोजण्याच्या पद्धती २०२० पासून समाविष्ट आहेत आणि उद्दिष्टे काही मीटरांची आहेत, परंतु त्यांसाठी फोनला एकाच वेळी तीन किंवा अधिक केंद्रे स्पष्ट मिळावी लागतात. पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यातील वाडीला एकच टॉवर दिसत असेल, तर त्याची पिढी बदलूनही दिशा आणि अंतर यांचा अंदाज थोडाच सुधारतो. अशा ठिकाणी दोन लहरींवर संकेत घेणारा आणि शक्य तितक्या उपग्रह व्यवस्था ओळखणारा फोन घेणे अधिक उपयुक्त आहे. ही माहिती फोनच्या तपशिलात ‘एल-१’ आणि ‘एल-५’ अशा नावांनी दिलेली असते, ती विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून पाहून घ्यावी.